घरच्या राउटरची वही आणि खिडकी

घरांत इंटरनेट आलें कीं त्याच्या पाठोपाठ एक लहानशी पेटी येते. ती कोठें तरी उंचावर, पुस्तकांच्या फळीवर किंवा विजेच्या मीटराशेजारीं, बसविली जाते. तिचे दोन-चार दिवे लुकलुकूं लागतात, आणि त्यानंतर वीज गेल्याखेरीज किंवा पाहुण्यांनीं पासवर्ड विचारल्याखेरीज तिची आठवण कोणास होत नाहीं. या पेटीस राउटर म्हणतात. घरांतील प्रत्येक मोबाइलला आणि संगणकाला घरापुरता पत्ता नेमून देणें, बाहेरून आलेलें माहितीचें पाकीट ज्याचें त्यास पोंचविणें, आणि न बोलाविलेल्या पाहुण्यास उंबरठ्यावर अडविणें, हीं तिचीं मुख्य कामें. म्हणजे तलाठी, टपालवाला आणि रखवालदार या तिघांचा कारभार एकट्या तिच्याकडे आहे. असा कारभारी कोणाच्या हुकमांत आहे हें घरधन्यालाच ठाऊक नसावें, ही थोडी चमत्कारिकच गोष्ट होय.

पेटीच्या आंत जो प्रोग्राम चालतो त्यास फर्मवेअर म्हणतात. बहुतेक पेट्यांत तो कारखानदाराचा असतो. कारखानदार नवी पेटी विकावयास काढतो, जुनीकडे पाठ फिरवितो, आणि जुनींत पुढें सांपडलेलीं भोंकें तशींच उघडीं राहतात. यावर तोड म्हणून, ज्याचा मूळ लेख कोणासहि वाचतां व सुधारतां येतो असें मुक्तस्रोत फर्मवेअर पेटींत घालण्याची चाल गेल्या वीस वर्षांत रूढ झाली. तें कसें घालावें हा येथील विषय नव्हे. तें घालावयाचें ठरल्यावर त्याचा कारभार कोणत्या पानावरून पाहावा, एवढ्या एकाच प्रश्नाचा विचार येथें कर्तव्य आहे. या पानास इंटरफेस म्हणतात. प्रश्न क्षुल्लक वाटतो. परंतु हौसेनें नवें फर्मवेअर घालून महिन्याभरांत पुन्हां कारखानदाराच्या जुन्या प्रोग्रामकडे परतणाऱ्यांची अडचण बहुधा याच ठिकाणीं असते. फर्मवेअर उत्तम असतें, पण घरांतल्या माणसाला तें उघडतां येत नाहीं.

आधीं थोडा इतिहास. लिंकसिस या अमेरिकन कंपनीनें २००२ सालच्या अखेरीस ‘डब्ल्यूआरटी ५४ जी’ नांवाचा निळ्या-काळ्या रंगाचा राउटर बाजारांत आणला. पुढल्याच वर्षीं जाणत्यांच्या ध्यानांत आलें कीं याच्या पोटांत लिनक्स आहे. लिनक्स ज्या जीपीएल परवान्याखालीं मिळतें त्याची अट अशी कीं, तें घालून वस्तु विकणाऱ्यानें त्याचा मूळ लेखहि गिऱ्हाइकास उपलब्ध करून दिला पाहिजे. बभ्रा झाला, आणि २००३ सालींच कंपनीनें तो लेख प्रसिद्ध केला. त्याच्या आधारावर जानेवारी २००४ मध्यें ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प सुरू झाला; त्याच्या नांवाचीं शेवटचीं तीन अक्षरें ही त्या निळ्या पेटीचीच आठवण. पुढें २००५ सालीं लिंकसिसनें काटकसर म्हणून पांचव्या आवृत्तींत फ्लॅश स्मृति ४ मेगाबाइटवरून २ वर व रॅम १६ वरून ८ वर आणली आणि लिनक्स काढून टाकलें. तेव्हां लिनक्सप्रेमी गिऱ्हाइकांसाठीं जुनीच पेटी ‘जीएल’ या नव्या नांवानें पुन्हां विकावी लागली. गिऱ्हाइकाच्या हट्टापायीं कारखानदारानें जुना माल नवें नांव देऊन पुन्हां दुकानांत मांडावा, असें व्यापारांत नित्य घडत नाहीं.

आतां मुद्द्याकडे वळूं. राउटरच्या कारभारांत दोन वस्तु निरनिराळ्या ओळखल्या पाहिजेत : एक वही आणि दुसरी खिडकी. वायफायचें नांव काय, पासवर्ड काय, कोणत्या यंत्राला कोणता पत्ता, रात्रीं दहानंतर कोणाचें दार बंद, हें सर्व जेथें लिहून ठेवलेलें असतें ती वही. ती वही वाचावयास व तींत फेरफार करावयास ब्राउझरमध्यें जें पान उघडतें ती खिडकी. बाजारांतल्या पेटींत खिडकी तेवढी दिसते, वही दिसत नाहीं. त्यामुळें दोन्ही एकच आहेत असा समज होतो. इंटरफेस निवडतांना होणारा घोटाळा पुष्कळसा या समजांतून होतो. रंगीत चित्रें आणि गोल कोपऱ्यांचीं बटणें पाहून खिडकी पसंत केली जाते. तिच्यामागें वही कशी ठेवली आहे हें कोणी पाहत नाहीं.

आरंभीच्या फर्मवेअरांत ही वही म्हणजे एनव्हीरॅम नांवाचा फ्लॅशमधील एक चिंचोळा कप्पा असे. त्यांत एकामागून एक नांवें आणि त्यांच्या किंमती, अशी शेंकडों जोड्यांची लांबच लांब यादी. विषयवारी नाहीं, परिच्छेद नाहींत. २००७ सालीं ‘कामिकाझे’ या आवृत्तींत ओपनडब्ल्यूआरटीनें ती पद्धत टाकून यूसीआय नांवाची नवी व्यवस्था लावली. तींत प्रत्येक खात्याची स्वतंत्र फाइल असते : जाळ्याची नेटवर्क, बिनतारी भागाची वायरलेस, पहाऱ्याची फायरवॉल, पत्तेवाटपाची डीएचसीपी. प्रत्येक फाइलींत एक शीर्षक, आणि त्याखालीं ‘ऑप्शन’ या शब्दानें सुरू होणाऱ्या ओळी : एका बाजूस नांव, दुसऱ्या बाजूस किंमत. मॅट्रिकपर्यंत इंग्रजी शिकलेल्या माणसाला ती वाचतां येते, आणि दुकानदाराच्या खतावणीपेक्षां ती अवघड नाहीं. या वहीचा मोठा गुण असा कीं ती कोणा एका खिडकीची बांधील नाहीं. ब्राउझरच्या पानावरून लिहा, कमांड लाईनवरून लिहा, नाहींतर साध्या संपादकांत फाइल उघडून हातानें लिहा. मजकूर त्याच ओळींत जाऊन बसतो.

अशा वहीला खिडकी मात्र प्रथम नव्हती. ‘व्हाइट रशियन’ या आधींच्या आवृत्तींत वेबइफ नांवाचीं पानें होतीं, तीं शेल व ऑकच्या लहान लहान स्क्रिप्टांवर चालत आणि कामिकाझेच्या नव्या वहीस जुळत नसत. त्याच सुमारास जर्मनींत फ्रायफुंक नांवाची मंडळी काम करीत होती. आपापल्या गच्चीवर व खिडकींत राउटर ठेवून शेजाऱ्यापासून शेजाऱ्याकडे असें बिनतारी जाळें विणावयाचें, आणि कोणा कंपनीच्या मेहेरबानीवांचून तें चालवावयाचें, हा त्यांचा उद्योग. त्यांचें स्वतःचें फर्मवेअर व्हाइट रशियनवर उभारलेलें होतें. तें कामिकाझेवर न्यावयाचें म्हणजे नवी खिडकी हवी. मार्च २००८ मध्यें त्यांनीं ती बांधावयास घेतली, आणि तिचें नांव लूसी पडलें. २००९ च्या फेब्रुवारींत ओपनडब्ल्यूआरटीची जी आवृत्ति निघाली तिच्याबरोबर लूसी आली, आणि पुढें त्या फर्मवेअरचें नेहमींचें दर्शनी पान तीच झाली.

लूसी ज्या लुआ भाषेंत लिहिली गेली तिची निवडहि विचारपूर्वक होती. राउटरमधील जागा मूठभर. तींत मोठ्या संकेतस्थळांसाठीं वापरल्या जाणाऱ्या भाषांचा बिऱ्हाडपसारा मावत नाहीं. ब्राझीलमध्यें रिओ दि जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठांत १९९३ सालीं जन्मलेली लुआ ही अंगानें अगदीं लहान. पोर्तुगीज भाषेंत लुआ म्हणजे चंद्र. तिच्या आधींच्या भाषेचें नांव सोल, म्हणजे सूर्य, असें होतें. पुढें लूसीनें आपला भार हळूहळू उतरविला. २०२० सालच्या १९.०७ या आवृत्तीपासून पान सजविण्याचें काम राउटरकडून काढून ब्राउझरकडे दिलें गेलें, आणि २०२३ सालच्या २३.०५ मध्यें राउटरच्या बाजूचें उरलेलें काम युकोड या दुसऱ्या लहान भाषेकडे गेलें. नांवांतला चंद्र तेवढा राहिला, यंत्रांतला मावळला. श्रोत्यांस ही माहिती निरुपयोगी वाटेल, परंतु तिचा एक व्यावहारिक अर्थ आहे : राउटरचा मेंदू अशक्त असतो, आणि जी खिडकी त्याच्याकडून अधिक राबवून घेते ती हळू उघडते. हळू उघडणाऱ्या पानावर माणूस बटण दोनदां दाबतो, आणि घोटाळे तेथें होतात.

लूसीच्या विरुद्ध बोलावयाचें तर तिच्या स्वभावावर बोलावें लागेल. ती घरधन्याशीं घरधन्याच्या भाषेंत बोलत नाहीं. वहीच्या भाषेंत बोलते. तिच्या पानावर ‘इंटरफेस’, ‘डिव्हाइस’, ‘झोन’ हे शब्द जसेच्या तसे येतात. मुलाच्या टॅब्लेटला रात्रीं नऊनंतर इंटरनेट नको, एवढी साधी इच्छा असली तरी ती फायरवॉलच्या पानावर जाऊन नियमाच्या रूपांत लिहावी लागते. हा दोष खरा आहे. परंतु ती वहींतलें कांहीं झांकून ठेवीत नाहीं, आणि जें ती लिहिते तें वहींत कोठें गेलें हें पाहतां येतें, हा तिचा गुण त्या दोषापेक्षां वजनदार आहे.

घरगुती इच्छा ओळखून बांधलेली खिडकी पाहावयाची असेल तर गार्गॉइलकडे गेलें पाहिजे. एरिक बिशप या गृहस्थांनीं २००८ सालीं ती प्रथम बाहेर आणली. खालीं ओपनडब्ल्यूआरटीच; वर पानें मात्र निराळीं. घरांतल्या कोणत्या यंत्रानें किती माहिती ओढली हें तक्त्यांत दिसतें. प्रत्येकास दिवसाचा, आठवड्याचा किंवा महिन्याचा शिधा ठरवून देतां येतो, आणि तो संपला म्हणजे दार बंद करावें कीं वेग उतरवावा हेंहि सांगतां येतें. जेथें एका जोडणीवर चार बिऱ्हाडें आहेत, किंवा महिन्याला मोजून माहिती मिळते, तेथें याहून सोयीचें पान सांपडणें कठीण. तथापि एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. या पानांनीं घराची एक ठरावीक रचना गृहीत धरली आहे. कोणी हातानें वही उघडून त्या रचनेपलीकडचें कांहीं लिहिलें, तर तें पान नीट दाखवीलच असें नाहीं. गार्गॉइल घ्यावयाचें तर तिच्याच खिडकींतून लिहिण्याचा नेम पाळावा.

डीडी-डब्ल्यूआरटी आणि टोमॅटो हीं दोन नांवें जुन्या हौशी मंडळींच्या तोंडीं नेहमीं असतात. डीडी-डब्ल्यूआरटीच्या पानाची ठेवण लिंकसिसच्या जुन्या पानासारखी, वर टॅबांची रांग. जें जें करतां येण्यासारखें आहे तें तें सर्व पानांवर मांडून ठेवलेलें. मुंबईच्या जुन्या इराणी दुकानांतील पदार्थांच्या पाटीप्रमाणें यादी पाहूनच पोट भरतें. टोमॅटो त्याच्या उलट नेटका. जोनाथन झराटे यांनीं तो २००६ सालीं पुढें आणला. इंटरनेटचा ओघ त्या क्षणीं किती चालला आहे याचा हलता आलेख पानावर दिसे, आणि त्या काळीं तें पाहून माणसें हरखून जात. मूळ कर्त्याची शेवटची आवृत्ति २०१० सालची. पुढें इतरांनीं तें काम उचललें, आणि फ्रेशटोमॅटो या नांवानें तें चालू आहे. हीं दोन्हीं फर्मवेअरें वही एनव्हीरॅममध्येंच ठेवतात. याचा परिणाम असा कीं खिडकीवांचून वही वाचणें शक्य असलें तरी सुखाचें नाहीं, आणि एका आवृत्तीची जतन करून ठेवलेली प्रत दुसऱ्या आवृत्तींत किंवा दुसऱ्या जातीच्या पेटींत भरूं नये असा इशारा द्यावा लागतो. शिवाय टोमॅटो ब्रॉडकॉम कंपनीच्या चिपांवरच चालतो. घरांत तशी पेटी आधींच असेल तर तो अवश्य वापरावा. त्यासाठीं नवी विकत घेऊं नये.

चेक प्रजासत्ताकांत, डॉट सीझेड हीं नांवें सांभाळणाऱ्या सीझेड.निक या संस्थेनें ट्युरिस नांवाचे राउटर काढले, त्यांत या प्रश्नाचें उत्तर फार समजूतदारपणें दिलेलें आढळतें. त्यांचें फर्मवेअर ओपनडब्ल्यूआरटीवरच उभें आहे. पण पेटीला खिडक्या दोन. पहिली फॉरिस, हल्लींचें तिचें रूप रीफॉरिस : नवखा माणूस आला कीं ती त्याला हात धरून पासवर्ड ठेव, इंटरनेट जोड, वेळ लाव, सुधारणा आपोआप येऊं दे, असें एकेक पायरीनें नेते. दुसरी खिडकी लूसी, जाणत्यासाठीं. मागें वही एकच. घरांत दोन प्रकारचीं माणसें असतात हें ज्यानें ओळखलें त्यानें अर्धें काम केलें.

आतां कमांड लाईन. कांहीं जाणते लोक म्हणतात, खिडकी हवीच कशाला? काळ्या पडद्यावर बसावें, एसएसएचनें राउटरमध्यें शिरावें आणि वही स्वतः लिहावी. यांत नुसती ऐट नाहीं, तथ्यहि आहे. यूसीआयच्या आज्ञा मोजक्या आहेत. ‘सेट’नें किंमत लिहिली म्हणजे ती लगेच पक्की होत नाहीं, कच्च्या टिपणांत राहते. ‘चेंजेस’ म्हटलें कीं काय काय बदललें याची यादी समोर येते. पसंत असेल तर ‘कमिट’. नसेल तर ‘रिव्हर्ट’, आणि सर्व पूर्ववत्. पाटीवर गणित करून मग वहींत उतरविण्याची शाळेंतली जुनी शिस्त हीच. लूसीच्या पानावरहि ही कच्ची यादी वर कोपऱ्यांत दिसते. बहुतेक लोक ती न पाहतांच पुढें जातात.

ज्यांच्या पेटींत जागाच नाहीं त्यांना तर हा मार्ग पूर्वीं सक्तीचाच होता. ४ मेगाबाइट फ्लॅश आणि ३२ मेगाबाइट रॅमच्या जुन्या पेट्यांत लूसी बसविली कीं दुसऱ्या कशाला जागा उरत नसे. अशा पेट्यांसाठीं ओपनडब्ल्यूआरटीची १९.०७ हीच शेवटची आवृत्ति ठरली. तेव्हां आज अशी पेटी कोणी फुकट दिली तरी घेऊं नये.

परंतु काळ्या पडद्याचा एक धोका आहे, आणि तो शिकलेल्या माणसालाच अधिक. आपल्याच राउटरचा पत्ता बदलतांना एक आंकडा चुकला, तर ज्या दारांतून आंत आलों तेंच दार बाहेरून बंद होतें. लूसीनें यावर एक युक्ति ठेवली आहे. ‘सेव्ह अँड अप्लाय’ म्हटल्यावर ती नवी व्यवस्था लागू करते आणि ब्राउझर पुन्हां येऊन भेटतो कीं नाहीं याची वाट पाहते. सुमारें दीड मिनिटांत तो आला नाहीं, तर नवें सर्व पुसून जुनें पुन्हां चालू करते. अडचणींत सांपडलेल्या माणसानें या दीड मिनिटांत घाबरून पेटीची वीज काढूं नये, स्वस्थ बसावें. निव्वळ कमांड लाईनवर नुसतें ‘कमिट’ केलें तर ही वाट पाहणारी दाई नसते.

खिडकी म्हणजे भिंतीला पाडलेलें भोंकच, हेंहि विसरूं नये. २००९ सालच्या जुलैंत डीडी-डब्ल्यूआरटीच्या दर्शनी पानांत एक गंभीर दोष उघडकीस आला. पानाच्या पत्त्यांत विशिष्ट चिन्हें घालून आज्ञा लिहिली तर राउटर ती पासवर्ड न विचारतां पार पाडीत असे, आणि तीहि सर्वाधिकारानें. बाहेरून कारभार करण्याची सोय बंद ठेवली असली तरी पुरता बचाव नव्हता. कारण घरांतल्याच कोणीं एखादें दुष्ट संकेतस्थळ उघडलें, तर त्या पानांतील चित्राचा पत्ता म्हणून ती आज्ञा घरच्याच ब्राउझरकडून राउटरला पोंचविली जाऊं शके. दोष लगोलग दुरुस्त झाला. पण इंटरफेस निवडतांना त्यावरून दोन प्रश्न विचारावयास हवेत. पहिला, त्याची निगा आज कोणी राखीत आहे काय, आणि शेवटची सुधारणा केव्हांची? सुंदर पण बेवारशी पानापेक्षां ओबडधोबड पण निगेंतलें पान घ्यावें. येथें सौंदर्याला शून्य गुण द्यावेत. दुसरा, तें पान बाहेरच्या जगाला उघडें आहे काय? ओपनडब्ल्यूआरटी तें बाहेरून बंदच ठेवतें. परगांवाहून बघतां यावें म्हणून तें उघडण्याचा मोह अनेकांस होतो. तसें करूं नये. दुरून कारभार पाहावयाचाच असेल तर वायरगार्डसारख्या बंदिस्त वाटेनें घरांत यावें आणि मग खिडकी उघडावी. २०२१ सालच्या २१.०२ या आवृत्तीपासून लूसीला एचटीटीपीएसची जोड मूळचीच मिळते; ब्राउझर प्रथम प्रमाणपत्राविषयीं तक्रार करतो, कारण तें राउटरनें स्वतःच लिहिलेलें असतें.

भाषेचा प्रश्नहि येथें घेतला पाहिजे. लूसीचीं भाषांतरें जगभरचे स्वयंसेवक करतात, आणि त्यांत हिंदीबरोबर मराठीचीहि शाखा आहे. भाषेचें पॅकेज निराळें बसवावें लागतें. ज्या वाक्याचें भाषांतर कोणीं केलेलें नसतें तें इंग्रजींत दिसतें. म्हणजे पान मराठी दिसेल कीं खिचडी, हें मराठी माणसांनीं किती वाक्यें उतरवून दिलीं यावर अवलंबून. हें काम करावयास प्रोग्राम लिहितां यावा लागत नाहीं. चांगलें मराठी यावें लागतें. ‘गेटवे’ला वेस म्हणावें कीं गेटवेच ठेवावें, असले वाद तेथें निवृत्त शिक्षकांनीं जाऊन घालावेत, त्यांत सर्वांचें हित आहे.

समजा, साताऱ्यास एक वृद्ध जोडपें राहतें आणि त्यांचा मुलगा बंगळुरास नोकरीला आहे. दिवाळींत मुलगा घरीं येतो, हौसेनें ओपनडब्ल्यूआरटी घालतो, दोन दिवसांत सर्व सुरळीत करून परत जातो. महिन्यानें वायफायचा पासवर्ड शेजारीं फुटतो, तो बदलावयाचा असतो. दूरध्वनीवर संभाषण सुरू होतें.

“आई, वायरलेसच्या पानावर गेलीस का?”

“गेलें रे. पण येथें रेडिओ शून्य आणि रेडिओ एक असें दोनदां लिहिलें आहे. त्यांतला आपला कोणता?”

मुलाला तें आठवत नाहीं. आठवण्याचें कारणहि नाहीं. कोणत्या पेटींत शून्य म्हणजे २.४ गिगाहर्ट्‌झ आणि कोणत्या पेटींत ५, याला एकच नियम नाहीं. येथें चूक आईची नाहीं, आणि खरें पाहतां लूसीचीहि नाहीं. जातांना मुलानें दोन्हीं वायफायना ‘घर’ आणि ‘घर जवळचें’ अशीं नांवें दिलीं असतीं तर त्याच पानावर तीं नांवें रेडिओच्या खालीं दिसलीं असतीं, आणि आईनें पुढचें काम चष्मा पुसून केलें असतें. निवड करावयाची ती बसविणाऱ्याच्या बुद्धीकडे पाहून नव्हे, तर तो निघून गेल्यावर घरांत जो राहतो त्याच्याकडे पाहून. अशा घरांत लूसी ठेवावी, वायफायना अर्थपूर्ण नांवें द्यावींत, आणि रोजच्या उपयोगाची दोन पानें कोणतीं तें मराठींत कागदावर लिहून द्यावें. मुलांच्या वेळा आणि माहितीचा शिधा यांवरून रोज भांडणें होणाऱ्या घरांत गार्गॉइल बरें. जाणता मनुष्य त्याच घरांत राहत असेल तर त्यानें काळा पडदा खुशाल वापरावा, पण लूसी काढून टाकूं नये. तो आजारी पडूं शकतो. आईवडिलांना मोजकेच हक्क असलेला निराळा प्रवेश देण्याचीहि सोय लूसींत आहे.

वही चिरंजीव असते असें मात्र कोणीं समजूं नये. २१.०२ मध्यें कित्येक पेट्यांतील तारजोडांची व्यवस्था डीएसए या नव्या पद्धतीवर गेली, आणि त्या पेट्यांत जुनी नेटवर्कची फाइल जशीच्या तशी चालेनाशी झाली. ज्यांनीं जुन्या वहीची प्रत काढून ठेवली होती त्यांना ती उघडून, वाचून, नवी वही तासाभरांत लिहितां आली. म्हणून ‘बॅकअप’च्या पानावरून मिळणारी फाइल प्रत्येक मोठ्या फेरफारानंतर उतरवून घ्यावी, आणि ती राउटरपाशीं नव्हे, दुसऱ्या ठिकाणीं ठेवावी.

एक दिवस असा येतो कीं पासवर्ड कोणालाच आठवत नाहीं, किंवा पान उघडेनासें होतें. त्यासाठीं ओपनडब्ल्यूआरटींत फेलसेफ नांवाची आपत्कालीन वाट आहे. पेटी चालू होत असतां ठरावीक क्षणीं, दिवा भराभर लुकलुकूं लागला कीं, तिचें बटण दाबावयाचें. मग राउटर १९२.१६८.१.१ या पत्त्यावर पासवर्डाविना उभा राहतो. पण तेथें लूसी नसते, गार्गॉइल नसते, वायफायहि नसतें. केवळ तार आणि काळा पडदा. पत्ते वांटणाराहि झोंपलेला असल्यामुळें संगणकाला १९२.१६८.१.२ हा पत्ता हातानें द्यावा लागतो. मग एसएसएचनें आंत जाऊन ‘माउंट रूट’ म्हणावें, म्हणजे वही लिहिण्याजोगी होते; ‘पासडब्ल्यूडी’नें नवा पासवर्ड ठेवावा; आणि कांहींच जमलें नाहीं तर ‘फर्स्टबूट’, म्हणजे पेटी नव्या फर्मवेअरसारखी कोरी होते. या तीन आज्ञा आणि तो पत्ता एवढें एका चिठ्ठीवर लिहून ती पेटीच्या पाठीस चिकटवावी, आणि शेजारीं जाळ्याच्या तारेचा हातभर तुकडा गुंडाळून ठेवावा.